गंगूबाईंचा अभिप्राय

बुधवारी सकाळी तिलक नगरातल्या मराठी बायका मोती डुंगरीच्या गणपतीला निघाल्या की गंगूबाई तेलगोटे सगळ्यांच्या पुढे असायच्या. देवळापर्यंत पुढे, देवळात नाही. पायऱ्यांच्या अलीकडे झेंडूच्या हारांची एक गाडी उभी राही. तिच्या शेजारच्या बुटक्या कठड्यावर त्या बैठक मारत. मग बरोबरच्यांनी आपापल्या चपला त्यांच्यापुढे काढायच्या आणि दर्शन होईपर्यंत गंगूबाईंनी त्या राखायच्या, असा रिवाज पडला होता. तो कोणी पाडला हे कुणालाच आठवत नव्हतं.

तेलगोटे मंडळी बौद्ध. घरात भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, पौर्णिमेला वंदना. गणपतीशी गंगूबाईंचा काही संबंध नव्हता. कुणी विचारलंच तर त्या सांगत, "मी देवाले नाई येत बाप्पा. मी गर्दीले येतो."

आणि गर्दी खरोखर बघण्यासारखी असे. जयपुरात कुणी नवी स्कूटर घेतली की बुधवारी ती आधी इथं यायची. तिला कुंकवाचं स्वस्तिक, हँडलला हार, आणि मागच्या सीटवर ओढणी सावरत बसलेली बायको. परीक्षेची पोरं, नवी जोडपी, लाडवांचे डबे घेतलेले व्यापारी. शेजारीच पांढऱ्या संगमरवराचं एक मोठं देऊळ बांधलं जात होतं. त्याच्या छिन्नीचा आवाज सकाळपासून सुरू असायचा. हारवाला गंगूबाईंना "जय भीम, माँजी" म्हणे. मराठीत राम-रामला असंच म्हणतात असा त्याचा समज असावा. गंगूबाईंनी तो कधी दुरुस्त केला नाही.

बसल्या बसल्या त्या चपलांवरून माणसं ओळखत. टाच एका अंगानं झिजलेली असली की बाई हट्टी. अंगठा तुटून पिनेवर आलेला असला की नवरा चिक्कू. एक चप्पल पूर्वेला, दुसरी पश्चिमेला पडलेली असली की घरून भांडून आलेली. यातले निम्मे अंदाज चुकत. त्यानं त्यांची मजा कमी होत नसे.

गंगूबाईंची सून शालन लिहायची. तिचा नवरा उत्तम रेल्वेत गार्ड होता. छोट्या लाईनवर त्याची ड्यूटी, आज फुलेरा तर उद्या सवाई माधोपूर. अकोल्याहून बदली झाली तेव्हा क्वार्टर मिळेना, म्हणून तिलक नगरात दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. बार्शीटाकळीजवळच्या खेड्यातून म्हातारीलाही बरोबर आणलं. उत्तम ड्यूटीवर आणि मुलगी शाळेत गेली की शालन गच्चीच्या जिन्यात बसायची. समोर लिंब होता. लिंबावर पोपट, आणि पलीकडच्या भिंतीवरून पिसारा फरफटत नेणारा एक मोर. शालूचा पदर न सावरणाऱ्या नवरीसारखा तो चालतो, असं तिनं एकदा लिहिलं होतं. बस्सी गावाकडून उंटगाडीतून येणारा मुळा, मुलीच्या मराठीत घुसलेलं 'मतलब', वंदनेला मिलिटरी स्टेशनातून सायकली मारत येणारे जवान आणि त्यांच्या इस्त्रीच्या पँटवर पडलेली धूळ, असं काहीबाही ती लिहायची. ते छापून कुठंच येत नव्हतं. येण्याची जागा एकच होती: महाराष्ट्र मंडळाचं हस्तलिखित.

मंडळ लहान होतं. रेल्वेतली काही घरं, फौजेतली काही. दर दिवाळीला त्यांचा एक अंक निघे, आणि निघे म्हणजे एकच प्रत निघे. मंडळाचे चिटणीस पंडितराव खानझोडे रेल्वेच्या हिशेब खात्यात होते. ते सगळे लेख स्वतःच्या हातानं काळ्या शाईनं उतरवत, शीर्षकं लाल शाईनं काढत आणि पाठीला कापड लावून बांधत. मग तो अंक कापडी पिशवीत बसून घरोघर फिरे. शेवटची पानं कोरी ठेवलेली असत, त्यांवर वाचकांनी अभिप्राय लिहायचा. 'अंक वाचनीय. मुखपृष्ठ विशेष आवडले,' असं बहुतेक सगळे लिहीत. न वाचलेलेही लिहीत.

सत्याऐंशीच्या दिवाळीला शालननं सासूवर लिहिलं. लेखाचं नाव 'चपलांपाशी'. एका बैठकीत लिहून झाला. पेन कुठं अडलं नाही, असा तो उतरला. कठडा, हारवाला, स्कूटरी, तुटके अंगठे, सगळं आलं. फक्त शेवट जमेना. दोनदा चहा झाला तरी जमेना. मग एकाएकी जमला. तिनं लिहिलं: 'जिनं लहानपणी पाटलाच्या गल्लीतून जाताना पायातल्या चपला हातात घेतल्या, ती आज इतरांच्या चपला राखत बसली आहे. काळ बदलला, गाव बदललं. पण ती अजून देवळाच्या बाहेरच आहे.'

लिहिल्यावर तिचे तिलाच डोळे भरून आले. ही खूण चांगली की वाईट, हे तिला तेव्हा कळलं नाही.

सासूला तिनं लेख वाचून दाखवला नाही. अंक बांधून घरी आला की दाखवू, चकित होतील, असा तिचा बेत होता. पण अंकाचा रस्ता ठरलेला होता. आधी मिलिटरी स्टेशन, मग रेल्वे कॉलनी, मग तिलक नगर, आणि तिलक नगरात तेलगोट्यांचं घर शेवटचं.

लेख गाजला. पंडितराव रस्त्यात सायकलवरून उतरून म्हणाले, "वहिनी, शेवट वाचून जेवण गेलं नाही." अभिप्रायाच्या पानांवर 'अंतर्मुख केले', 'नेत्र पाणावले' असं येऊ लागलं. एका हवालदारानं 'फार वाईट वाटले. जय हिंद' असं लिहून खाली तारखेसकट सही केली होती. शालन दोन-तीन दिवस हवेत होती.

मग बुधवार आला. शेजारच्या यमुनाबाई माळवदे अनवाणी निघाल्या.

"काय वं यमुना, चप्पल कुठी हाय तुही?" गंगूबाईंनी विचारलं.

यमुनाबाई पुण्याकडच्या, बोलायला सांभाळून. त्या म्हणाल्या, "नवस केलाय, आजी. काही बुधवार अनवाणीच जायचंय."

"थंडीचा नवस? उन्हाळ्याचा करा लागत होता."

पुढच्या बुधवारी विमल घोरपडेच्या खांद्याला पिशवी होती. विमल सुभेदाराची बायको, साताऱ्याकडची, आवाज परेडच्या मैदानाला पुरेल असा. तिनं पायरीशी चपला काढल्या, पिशवीत घातल्या आणि पिशवी खांद्याला लावून ती आत गेली. जाताना मात्र तिनं गंगूबाईंचा हात धरला. "आजी, तुमीबी चला की आत. आम्ही हाय नव्हं संगं! बघू कोण काय म्हंतंय."

"मले कोन काय म्हनते? मले यायचंच नाई."

"संकोच नका करू," यमुनाबाई म्हणाल्या.

गंगूबाईंना संकोच ही गोष्ट फारशी माहीत नव्हती. त्या कठड्यावर बसल्या. पुढ्यात रिकामी फरशी. आता रिकाम्या फरशीसमोर, देवळाच्या दारात, हात मांडीवर ठेवून बसलेल्या म्हाताऱ्या बाईला लोक काय समजतात? एक मारवाडी शेठाणी थांबली, डब्यातून एक लाडू काढून तिनं गंगूबाईंच्या तळहातावर ठेवला आणि नमस्कार करून पुढे गेली.

गंगूबाई कुणाची वाट न बघता घरी आल्या. लाडू त्यांनी दारातल्या शेळीला घातला. ती शेळी कुणाची होती कोण जाणे. तिनं तो आनंदानं खाल्ला. त्यानंतरच्या बुधवारी गंगूबाई म्हणाल्या, "गुडघे धरले," आणि तूर निवडत बसल्या.

जयपुरात गंगूबाईंचं स्वतःचं म्हणावं असं फार नव्हतं. घर भाड्याचं, भाषा परकी, नात हिंदीत हसणारी. त्यांचा म्हणून एक बुधवार होता. तो गेला तशी घरात कटकट सुरू झाली. पोळी जाड झाली, पाणी खारट लागलं, लिंबावरचे पोपट फार ओरडले. शालनला सगळं कळत होतं. यमुनाबाईंचा नवस कुठून आला, हे तिला पहिल्याच बुधवारी कळलं होतं. तिच्या दोन वाक्यांनी म्हातारीचा कठडा काढून घेतला होता, आणि हे सांगायचं तर आधी ती दोन वाक्यं म्हातारीला वाचून दाखवावी लागणार होती.

उत्तमला तिनं सांगितलं. तो गार्डाचा डबा भरत होता. "तूच लिवलं, तूच निस्तर," म्हणाला. मग दारातून मागे वळून म्हणाला, "पन लवकर निस्तर. माय आता माह्या शिट्टीले नावं ठेवून रायली."

निस्तरण्याआधीच विमल आली. रविवारची दुपार होती. तिनं तूर निवडणाऱ्या गंगूबाईंना पाहिलं, शालनला पाहिलं, आणि पोटात काही ठेवण्याची तिची मुदत तिथंच संपली.

"आजी, खरं सांगू का? यमुनाबाईंचा नवस-बिवस काय न्हाई. आमाला लाज वाटली."

"कायची?"

"तुमच्याम्होरं चपला काढायची. ह्या शालननं लिवलंय की अंकात. तुमच्यावर."

गंगूबाईंनी सुनेकडे पाहिलं. "माह्यावर? मेली का मी?"

"नाही मामी, तसं नाही..." शालन म्हणाली. सासूला ती मामीच म्हणायची.

"मेल्यावर लिवतेत. कुठी हाय तो अंक?"

"यमुनाबाईंकडं," विमल म्हणाली.

"चाला."

गुडघ्यांचं दुखणं उंबऱ्याच्या आतच राहिलं. गंगूबाई दोघींच्या पुढे निघाल्या.

यमुनाबाईंनी दार उघडलं आणि तिघींचे चेहरे बघून चहाचं आधण ठेवलं. अंक पिशवीतून निघाला. गंगूबाई जमिनीवर भिंतीला टेकून बसल्या. "वाच," त्या शालनला म्हणाल्या. "आन मंधातलं काई सोडू नोको."

शालन वाचू लागली. कठडा आला, हारवाला आला. गंगूबाई मान हलवत होत्या. विमलच्या चपला एकमेकींवर चढून बसतात, जशा काही कुस्तीला उतरल्यात, हे आलं तेव्हा त्या खदखदून हसल्या.

"हे बरोबर लिवलं."

"असल्या बसतात व्हय माझ्या?" विमल म्हणाली.

"रोजच्या. सुभेदारले विचार."

चिक्कू नवऱ्याचं वाक्य आलं. यमुनाबाईंनी आपल्या चपलेचा अंगठा आठवून चहात साखर जास्त घातली. शालनचा आवाज मोकळा झाला होता. मग शेवटचा परिच्छेद जवळ आला आणि तो बसला.

"थांबली कावून? वाच."

तिनं वाचलं. पाटलाची गल्ली, हातातल्या चपला, अजून देवळाच्या बाहेरच. शेवटचा शब्द जेमतेम ऐकू आला. यमुनाबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

गंगूबाईंनी तो पदर पाहिला. मग म्हणाल्या, "यमुना, रडतं कावून वं तू?"

"वाईट वाटतं, आजी."

"कोनाचं?"

यमुनाबाईंनी शालनकडे पाहिलं. मग गंगूबाईंनीही पाहिलं.

"शालन, मी चपला हातात घेतल्या हे तुले कोनं सांगतलं?"

"कुणी नाही. पण मामी, तेव्हा घ्यावं लागायचंच ना? आमच्या आजीलाही..."

"तुह्या आजीले लागलं असन. माह्याजवळ चपला होत्या कुठी हातात घ्याले? अनवाणी होती मी. लगनात बी अनवाणी." गंगूबाईंनी पाय पुढे केले, जणू ते साक्षीदार आहेत. "पयली चप्पल घेतली ते नागपूरची. छप्पन सालची. तुह्या सासऱ्यासंगं दीक्षेले गेलो होतो. पांढरं लुगडं, दीक्षा झाली, आन येताना हे म्हने, गंगू, आता अनवाणी गावात जायचं नाई. तिथीच घेतली. नवी, करकर वाजे."

"मग?" विमल पुढे सरकली होती.

"मंग काय? गावात आलो भर दुपारी. घराकडं मांगून बी रस्ता होता. मी म्हनलं, नाई, पाटलाच्या गल्लीतून चालू. पाटील वट्यावर सुपारी कातरत होता. त्यानं माह्या पायाकडं पाह्यलं. म्या त्याच्या तोंडाकडं पाह्यलं. आन म्या चाल हळू केली."

"हळू?"

"हाव. चप्पल वाजे ना! लवकर चाललं असतं तं लवकर खतम झालं असतं."

विमलनं मांडीवर थाप मारली. यमुनाबाई पदर तोंडाशी धरून हसत होत्या, आणि डोळ्यांचं पाणी अजून पुसायचं राहिलं होतं. शालन मात्र हसली नाही. अकोल्याहून येऊन इतकी वर्षं झाली, रोज एका ताटलीत तूर निवडली, आणि हे तिनं कधी विचारलं नव्हतं. सुचलेलं लिहून मोकळी झाली होती.

"मले चप्पल लय गमतीची वाटते," गंगूबाई म्हणाल्या. "आन देवळात नाई जात ते माह्यं मन. पयले ते येऊ देत नोयते. आता मी जात नाई. याच्यात फरक हाय का नाई? आत काय हाय, धक्के. बाहेर सारं जयपूर हाय. मले कोनी तिथी बसवलं नाई. मी बसली. आन तुमी मले भिकारीन केलं, हातावर लाडू आला माह्या!"

चहा उतू गेला.

"मी ते शेवटचं खोडते, मामी," शालन म्हणाली.

"खोडू नोको. पंडितरावानं एवढं कोरून लिवलं, कायले बिघडवतं? मांगं लोकं लिवतेत म्हने, काय वाटलं ते. मी बी वाचली ना? म्हंजे ऐकली. लिव माह्यं."

यमुनाबाईंनी दौत आणली. हवालदाराच्या सहीखाली जागा होती. गंगूबाई सांगत गेल्या आणि शालन लिहीत गेली. एका ठिकाणी तिनं वाक्य थोडं नीट करून घेतलं, तेव्हा गंगूबाई म्हणाल्या, "म्या काय म्हनलं ते लिव. सुधरू नोको." त्यांना अक्षर येत नव्हतं; पण हात किती हलला हे दिसत होतं.

पानावर उतरलं ते असं: 'मी गंगूबाई ज्ञानोबा तेलगोटे. सुनेचा लेख ऐकला. चपलांचं खरं लिवलं, चांगलं लिवलं. शेवट खोटा हाय. म्या चप्पल हातात घेतली नाई, पायात घातली आन पाटलापुढून हळू हळू गेली. सुनेले मालूम नोयतं, तिनं विचारलं नाई. मी बाहेर बसतो ते माह्या खुशीनं. ज्याले माही कीव येते त्यानं आपली चप्पल घरी ठेवावी. बाकीच्यानं बुधवारी घेऊन यावी. मुखपृष्ठ पाह्यलं. त्याच्यावरचा मोर कोंबडीवानी हाय.'

खाली त्यांनी अंगठा उठवला. शालननं शेजारी कंसात नाव लिहिलं.

पंडितराव संध्याकाळी अंक न्यायला आले. कॉलनीतल्या एका घरचं वाचायचं राहिलं होतं. त्यांनी उभ्या उभ्या पान वाचलं. मोर त्यांनीच काढला होता. ते घसा खाकरून म्हणाले, "छान आहे. फक्त भाषा जरा शुद्ध करून मी पुन्हा उतरवून..."

"हात तर लावून बघा," विमल म्हणाली.

पंडितरावांनी अंक पिशवीत घातला. वाचायचं राहिलेल्या त्या घरातून अंक पुन्हा मिलिटरी स्टेशनात गेला. एकदा वाचून झालेला अंक कोणी परत मागवल्याची मंडळाच्या आठवणीतली ही पहिली वेळ.

बुधवारी थंडी कडाक्याची होती. टेकडीवरच्या किल्ल्याला अर्ध्यापर्यंत धुकं होतं आणि हारवाल्यानं झेंडूवर ओलं फडकं टाकलं होतं. गंगूबाई बसल्या. विमलनं चपला काढल्या आणि वाकून त्या शेजारी शेजारी, सरळ लावल्या. "मांड नीट, नाई तं सुभेदार इचारन," गंगूबाई म्हणाल्या. यमुनाबाईंच्या चपलेला नवा अंगठा होता. पंडितराव बायकोला घेऊन आले होते. त्यांनी काळे बूट काढून पुढे ठेवले आणि मोज्यांत उभे राहिले. मग मिलिटरी स्टेशनातल्या दोन घरांची मंडळी आली. हवालदारानं आपले बूट टाचा जुळवून ठेवले आणि सवयीनं सलाम ठोकला. ते पाहून दोन अनोळखी राजस्थानी बायकांनीही मोजड्या काढल्या. इथं चपला ठेवतात असंच त्यांना वाटलं.

फरशी भरली. शालन कठड्याच्या टोकाला येऊन बसली. बुधवारी निघणाऱ्यांना ती आजवर फक्त घरून बघत आली होती. लेख तिनं सासूच्या गप्पांवर लिहिला होता.

"तू कायले आली?" गंगूबाईंनी विचारलं.

"बसायला."

"लिवाले?"

"नाही मामी. नुसती बसायला. काही विचारायचंही आहे."

"काय?"

"पाटील काय म्हणाला?"

"कधी?"

"तुम्ही हळू हळू गेलात तेव्हा."

गंगूबाईंनी विचार केला. तेवढ्यात समोर एक निळी स्कूटर आली. मागे बसलेल्या नवरीची ओढणी चाकाशी गेली होती, नवरा खाली उतरून ती सोडवत होता आणि दोघंही एकमेकांवर ओरडत होते. गंगूबाई उठून उभ्या राहिल्या.

"सांगतो मंग. मले हे जवळून पाहू दे. इतकी वर्सं चपला सोडून उठता आलं नाई." त्यांनी लुगडं झटकलं. "तू पाह्य इकडं. कोनाचं काय ते ध्यानात ठेव. हारवाल्याशी बोल, चांगला मानूस हाय."

आणि त्या स्कूटरीकडे निघाल्या. तिथं त्यांनी ओढणीचं एक टोक धरलं, नवऱ्याला हाताच्या इशाऱ्यानं चाक मागे घ्यायला लावलं आणि नवरीला काहीतरी वऱ्हाडीत समजावलं. नवरी हसू लागली. मग त्या पुढच्या स्कूटरकडे गेल्या. मग लाडवांच्या दुकानाकडे.

राजस्थानी बायका दर्शन करून परतल्या. शालननं घाईनं एकीच्या मोजड्या दुसरीपुढे सरकवल्या. दोघींनी पाय घालून पाहिले, एकमेकींकडे पाहिलं आणि अदलाबदल करून घेतली.

"माँजी कहाँ गईं?" एकीनं विचारलं.

शालननं गर्दीकडे बोट केलं. पांढऱ्या केसांचा अंबाडा दुकानापाशी क्षणभर दिसला आणि पुन्हा माणसांत गेला. आतून विमलचा आवाज जवळ येत होता. शालननं पुढ्यातले सगळे जोड पाहिले आणि कोणता कुणाचा ते मनात घोकायला सुरुवात केली.